थकवा, थायरॉइड आणि सकाळची ती छोटी गोळी

सतत वाटणारा थकवा, गळणारे केस, वाढणारे अंग यांमागे गळ्यातली एक छोटीशी ग्रंथी असू शकते. तिच्यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. मग तो इतक्या घरांत अर्धवट का सुटतो?

घरातली बाई 'थकले' म्हणाली की उत्तरे तयारच असतात. 'आता वय झालं', 'बाळंतपणानंतर अंग भरतंच', 'दुपारची झोप बंद कर म्हणजे उत्साह येईल.' सासूबाई आपल्या वेळच्या विहिरीच्या पाण्याची आठवण काढतात, नवरा फिरायला जाण्याचा सल्ला देतो आणि हळूहळू त्या बाईलाही पटू लागते की आपणच आळशी झालो आहोत.

पण जरा नीट पाहा. रात्री आठ तास झोपूनही सकाळी उठवत नाही. फणीत रोज केसांचा पुंजका निघतो. सगळे पंखा लावून बसतात, तेव्हा हिला मात्र शाल हवी असते. पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही. त्वचा कोरडी पडते, आवाज जाडसर होतो, पाळीत रक्तस्राव जास्त होऊ लागतो. दूध गॅसवर ठेवून विसरायला होते. कारण नसताना रडू येते. यातली एकेक तक्रार इतकी साधी असते की तेवढ्यासाठी डॉक्टरकडे कोण जाणार? सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून काढल्या, तर मात्र त्या कागदावर बहुधा एकच नाव उमटते. ते म्हणजे मंदावलेला थायरॉइड, डॉक्टरांच्या भाषेत हायपोथायरॉइडिझम.

हा आजार काही दुर्मीळ नाही. मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकाता अशा देशातल्या आठ ठिकाणी पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसांची तपासणी करून एक अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंद असल्याचे आढळले. स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्यांना हा आजार होता त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याची कल्पनाच नव्हती.

हाक आणि ओ

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम वीस ग्रॅम, पण तिच्यात तयार होणारे थायरॉक्सिन हे हार्मोन शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींना कामाचा वेग ठरवून देते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, पाळीचे चक्र, मनाची उभारी, सगळ्यांत त्याचा वाटा असतो. ते कमी पडले की शेगडीची आच मंद केल्यासारखे सगळे सावकाश चालू लागते. (ते जास्त झाले तर उलट घडते. धडधड, घाम, वजन उतरणे. तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे.)

तपासणीचा कागद हातात आला की बहुतेक बायका एका गोष्टीपाशी अडखळतात. 'थायरॉइड कमी आहे' म्हणतात आणि कागदावर तर आकडा वाढलेला दिसतो! हे कोडे सोडवणे सोपे आहे. टीएसएच हे थायरॉइडचे हार्मोन नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला कामाला लावते. आई स्वयंपाकघरातून मुलाला हाक मारते, तसे हे आहे. मुलाने लगेच ओ दिली तर हाक हळूच पुरते. ओ आली नाही की आवाज चढतो. टीएसएच ही ती हाक आहे. थायरॉइड जितका सुस्त, तितकी हाक मोठी. म्हणून आकडा वाढतो. साधारण ०.४ ते ४.५ पर्यंतचा आकडा सामान्य धरतात. प्रयोगशाळेप्रमाणे त्यात थोडाफार फरक असतो.

थायरॉइड मुळात सुस्त का होतो? आज आपल्याकडे त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली अशा चार रुग्णांचे वर्णन केले होते. चौघीही स्त्रियाच होत्या. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. ग्रंथी वर्षानुवर्षे, हळूहळू झिजत जाते, त्यामुळे आजार नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. आई, मावशी, बहीण यांना थायरॉइड असेल किंवा स्वतःला मधुमेहाचा पहिला प्रकार असेल, तर शक्यता वाढते. म्हणून 'मी काय चुकीचं खाल्लं?' असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला निःसंकोच सांगावे की बाई, तू काहीही केलेले नाहीस.

पूर्वी मात्र आहारातली आयोडीनची कमतरता हे आपल्या देशातले मोठे कारण होते. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत गलगंड ही नेहमीची गोष्ट होती. १९५६ साली प्राध्यापक व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीन घातलेले मीठ आणि एका भागाला साधे मीठ पुरवून पाहिले. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागात गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागे याच कामाचा आधार होता. आपल्या डब्यातल्या आयोडीनयुक्त मिठाची गोष्ट ही अशी आहे.

आता शहरांत गुलाबी मीठ आणि सैंधव यांची फॅशन आली आहे. उपवासाला ते वापरायला हरकत नाही. पण त्यात पुरेसे आयोडीन नसते, हे लक्षात ठेवून रोजच्या भाजी-आमटीला आयोडीनयुक्त मीठच वापरा आणि डब्याचे झाकण घट्ट लावा. याउलट, थायरॉइड झाला म्हणून आयोडीनच्या किंवा समुद्री वनस्पतींच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. हाशिमोतोच्या आजारात जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडू शकते.

तपासणी करताना

सुरुवातीला टीएसएच आणि फ्री टी-४ या दोन तपासण्या बहुधा पुरतात. थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-टीपीओची, तपासणी एकदा केली तरी पुष्कळ. ती दर सहा महिन्यांनी करून हाती नवे काही लागत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

एक गोष्ट प्रयोगशाळेत फारसे कोणी विचारत नाही. केस गळतात म्हणून हल्ली पुष्कळ जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. बायोटिन काही तपासण्यांमध्ये ढवळाढवळ करते आणि टीएसएच खोटाच कमी दाखवते. तेव्हा रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा, आणि घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा. केस गळण्याचे कारण शोधायला गेलेल्या बाईचे कारण केसांच्या गोळीनेच लपावे, हा विचित्र योग आहे.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी होते. थकवा, केस गळणे, थंडी वाजणे ही त्याचीही लक्षणे आहेत. म्हणून थायरॉइडबरोबर रक्ताचीही तपासणी करून घ्या. दोन्ही एकत्र असलेल्या बायका पुष्कळ आहेत. नुसता थायरॉइड सुधारून त्यांचा थकवा जात नाही आणि मग गोळीलाच बोल लागतो.

आता सीमारेषेवरच्या बायकांविषयी. टीएसएच सहा-सात, पण टी-४ अगदी व्यवस्थित, असा अहवाल आला की घरात घबराट होते. खरे तर अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून पाहणेच शहाणपणाचे असते, कारण कित्येकदा आकडा आपोआप खाली येतो. वय वाढले की टीएसएच थोडा वाढतोच. ६५ च्या पुढच्या माणसांवर केलेली एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमारेषेवरच्या थायरॉइडला गोळी दिल्याने त्यांच्या थकव्यात काही फरक पडला नव्हता. तेव्हा सत्तरीच्या आजींचा आकडा सहा आला म्हणून लगेच गोळीचा आग्रह धरू नये. मात्र आकडा दहाच्या पुढे असेल, किंवा दिवस राहिलेले असतील वा मूल हवे असेल, तर गोष्ट निराळी.

'एकदा सुरू झाली की सवय लागते'

गोळीला सगळ्यांत मोठा विरोध या एका वाक्याने होतो. शेजारीण सांगते, नणंद सांगते, कधी कधी औषधांच्या दुकानातला माणूसही सांगतो.

सवय लावणारे औषध आणि उणीव भरून काढणारे औषध यांत फरक आहे. समजा, घर चालवायला महिन्याला वीस हजार लागतात आणि पगार बाराच हजार येतो. गावाकडच्या शेतीतून आठ हजार येतात आणि महिना निभतो. त्या आठ हजारांची घराला 'सवय लागली' असे आपण म्हणतो का? ती तूट आहे. ती भरून निघते, एवढेच. लिव्होथायरॉक्सिन नावाची ती गोळी म्हणजे थायरॉइड बनवतो तेच हार्मोन, कारखान्यात तयार केलेले.

हे नसते तेव्हा काय होत असे, तेही माहीत असावे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पाहिला. आजार इतका पुढे गेला होता की तिची सूज, सुस्ती आणि जड झालेली वाचा यांवर तोवर काहीच उपाय नव्हता. ती सुधारली आणि त्या औषधावर आणखी २८ वर्षे जगली. शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले गेले ते १९१४ मध्ये. आज तेच हार्मोन बाजारात चहाच्या एका कपाहून कमी किमतीत रोज मिळते.

मग बायका गोळी का सोडतात? एक कारण अहवालच आहे. सहा महिन्यांनी तपासले, टीएसएच अडीच आला, सगळे खूश. 'बरी झालीस, आता गोळी कशाला?' पण अडीच आला तो गोळीमुळे! नॉर्मल अहवालाचा अर्थ मात्रा बरोबर बसली असा आहे, आजार गेला असा नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. थायरॉक्सिन शरीरात फार दिवस टिकते. घेतलेल्या हार्मोनपैकी निम्मे सात दिवसांनीही रक्तात असते. त्यामुळे गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काहीच जाणवत नाही. 'बघा, सोडली तरी मी ठणठणीत!' असे म्हणून बाई निर्धास्त होते. थकवा परत येतो तो महिन्या-दोन महिन्यांनी, आणि तोवर गोळी सोडल्याचे विसरूनही गेलेले असते. 'थायरॉइड मुळापासून बरा करू' अशा जाहिरातींचे फावते ते नेमके या मधल्या काळात.

गोळी सुटू शकते, अशीही उदाहरणे आहेत. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइड ग्रंथी तात्पुरती सुजते. आधी धडधड आणि चिडचिड, नंतर मरगळ असा क्रम दिसतो. घरचे ते जागरणावर ढकलतात. यातल्या बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते आणि डॉक्टर गोळी कमी करत बंद करतात. पण ते डॉक्टरांनी, तपासणी करून. आपण होऊन नव्हे.

सकाळचा घोळ

गोळी घेतली आणि तरी आकडा खाली येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मात्रा वाढवण्याआधी त्या घरातली सकाळ पाहावी.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफी-दूध-नाश्ता काही नाही. हे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात गृहिणीचा दिवस चहाच्या आधणानेच सुरू होतो. एका हाताने डबे, दुसऱ्या हाताने गोळी आणि वर चहाचा घोट! चहा-कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिच्या वैरिणीच. त्या तिन्ही एकत्र 'सकाळच्या गोळ्या' म्हणून गिळून टाकणाऱ्या कितीतरी जणी आहेत. लोह, कॅल्शियम आणि पित्ताच्या पातळ औषधांत किंवा चघळायच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. सकाळी थायरॉइड, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम अशी वाटणी करून ठेवली की झाले.

गोळीची बाटली उशाशी ठेवावी. जाग आली की आधी ती, मग तोंड धुणे, झाडलोट, अंघोळ. अर्धा तास सहज निघून जातो. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यावी. चालते. ओट्यावरच्या फळीवर, गॅसच्या उबेत मात्र ती बाटली ठेवू नये. उष्णता, ओल आणि उजेड यांनी ही गोळी निकामी होते. कंपनीही वारंवार बदलू नये. बदललीच तर दीड-दोन महिन्यांनी तपासून घ्यावे. मात्रा बदलल्यावरही तेवढेच थांबायचे असते. पंधरा दिवसांत केलेली तपासणी खरे चित्र दाखवत नाही.

उपवासाचे काय? हरतालिका किंवा करवा चौथ निर्जळी करणाऱ्या जणींनी पहाटे उपवास सुरू होण्याआधी गोळी घ्यावी. रोजा ठेवणाऱ्यांना सेहरीच्या अर्धा तास आधी किंवा रात्री उशिरा घेता येते. एखादा दिवस चुकलाच तर घाबरायचे कारण नाही, ते हार्मोन शरीरात शिल्लक असते. नवरात्रीचे नऊ दिवस सलग बंद ठेवणे मात्र बरे नाही.

जास्त गोळी घेतल्याने वजन लवकर उतरेल, हा आणखी एक भ्रम. मंद थायरॉइडमुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलो असते आणि त्यात पाण्याचा भागच मोठा असतो. पंधरा किलो वाढले असतील तर त्यांतले बरेचसे थायरॉइडच्या नावावर टाकता येणार नाहीत, हे कडू असले तरी खरे आहे. गरजेपेक्षा जास्त मात्रेने छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे असे त्रास होतात. पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होतात, हृदयाची लय बिघडू शकते.

आणि कोबी-फ्लॉवर? खुशाल खा. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या कोबीने आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या माणसाचा थायरॉइड बिघडत नाही. सोयाबीनचे पदार्थही चालतात, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

दिवस राहिल्यावर

या सगळ्यात उशीर परवडत नाही अशी एकच जागा आहे. गर्भाचा स्वतःचा थायरॉइड तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कुठे काम करू लागतो आणि पुरता सक्षम व्हायला गर्भारपणाचा निम्मा काळ जातो. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. म्हणजे आईची गरज नेमकी त्याच वेळी वाढते.

अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी मायेपोटी म्हणतात, 'आता नऊ महिने कुठलंच औषध नको.' इतर औषधांबाबत हा सल्ला कदाचित योग्य असेल, थायरॉइडच्या गोळीबाबत तो अगदी उलटा आहे. गोळी बंद तर करायचीच नाही, बहुतेकींना ती पाव ते तीसेक टक्क्यांनी वाढवावी लागते. पाळी चुकली आणि चाचणीत दिवस राहिल्याचे कळले की पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूल हवे असे ठरवतानाच 'दिवस राहिल्यावर किती गोळी वाढवू?' हे विचारून ठेवले तर उत्तमच. त्यानंतर निम्म्या गर्भारपणापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होते. बाळंतपण झाल्यावर मात्रा बहुधा पूर्वीइतकी करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहतात. अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी घेतल्याने बाळाला अपाय होत नाही.

बाळाचीही एक तपासणी असते. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा अपुरी असते. पहिले काही आठवडे ती इतर बाळांसारखीच दिसतात, किंबहुना जास्त शांत, जास्त झोपाळू. घरचे 'किती गुणी बाळ आहे' म्हणतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर अशा बाळाची बुद्धी आणि वाढ बहुधा इतरांसारखीच होते. उशीर झाला तर झालेले नुकसान भरून येत नाही. टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन ही तपासणी होते, पण ती सगळ्याच रुग्णालयांत आपोआप केली जात नाही. मामा पेढे घेऊन येण्याआधी, घरी जाण्याचा कागद हातात पडेल तेव्हाच विचारा, 'बाळाची थायरॉइडची तपासणी केली का, आणि तिचा अहवाल कधी मिळेल?'